ओढ्याकाठचा दगड

शनिवारी जर्मनीतल्या आमच्या फ्रँकन खेड्यातल्या पावाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे म्हातारा ओटमार आणि शेतकरी फाइट उभे होते. गावात बांधाचे दगड रोवायला सातजण शपथ घेऊन नेमलेले असतात, ओटमार त्यांतला एक.

"फाइट, तुझ्या ओढ्याकाठचा दगड सरकलाय."

"पुरानं सरकला असेल, ओटमारकाका."

"पूर चढाकडे कधीपासून वाहायला लागला?"

"मग रानडुकरांनी उकरला असेल."

"आणि माती परत चोपूनही बसवली? फार गुणी डुकरं आहेत बाबा!"

"तुमचा संशयच भारी. बिशपच्या राजवटीपासून तो दगड तिथंच आहे. विचारा कुणालाही."

"तुझ्या पणजोबाला गावानं तो दोनदा जागेवर आणून ठेवायला लावला होता. बांध कोरायची खोड तुमच्या घरात जुनीच."

"जुनी मढी कशाला उकरताय, काका?"

"मढी नाही, सोमवारी दगडच उकरणार आहे. त्याखाली त्या वेळच्या सातजणांनी पुरलेली खूण काय ते सांगेल. ती खूण कसली असते, हे आमच्या बायकांनासुद्धा ठाऊक नसतं."

"खुशाल उकरा! तिन्ही खापऱ्या दगडाच्या बरोबर खाली आहेत. पालथ्या, जशा होत्या तशाच."

ओटमारनं वळून फाइटकडे नीट निरखून पाहिलं.

"काय झालं काका? असं काय बघताय?"

"पुढे कोण?" दुकानातल्या गेर्डानं विचारलं.

"याला आधी दे, गेर्डा. याला सोमवारच्या आत दगड परत नेऊन ठेवायचाय."