औषध पोटात जातं की बुटात?

...आणि वर मला म्हणतो, "मिस्टर खंडोजी, तुमच्याकडे सगळं आहे हो, पण पर्सनॅलिटी नाही!" पर्सनॅलिटी! अहो, रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे मी, आमच्या चामराजपेटेतल्या सगळ्या शिंप्यांच्या घरांत पहिला बी.एस्सी.! आणि हा चंद्रकांतसाहेब, मुंबईच्या औषध कंपनीचा मॅनेजर, इथं कानडी मुलखात येऊन मॅजेस्टिक टॉकीजजवळ हॉटेलात खोली घेऊन मुलाखती घेत बसलेला, यानं माझे मार्क बघितले नाहीत, सर्टिफिकेट उघडलं नाही, बघितलं काय... तर माझे पाय! तुम्हाला सांगतो, डोकं असं तापलंय ना... औषध पोटात जातं की बुटात? सांगा की!

नाही, स्वल्प थांबा, पहिल्यापासून सांगतो. नोकरी कसली, तर मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची. म्हणजे बॅग घ्यायची, डॉक्टरांकडे जायचं, आमचं टॉनिक कसं चांगलं ते पटवायचं, नमुन्याच्या बाटल्या ठेवायच्या आणि हसत बाहेर यायचं. ही नोकरी लागली की हेमलतेचे वडील लग्नाला हो म्हणणार होते. तोंडावर सांगितलं त्यांनी, "मशिनीवर बसून कापडं शिवणाऱ्याला मुलगी देणार नाही, औषध कंपनीत चिकटा, मग या." स्वतः कोण ते? शिंपीच! पण जाऊ दे, मुलगी गोड आहे.

कंपनीची अट काय, तर सूट, टाय आणि काळे बूट. सूट आमच्या वडिलांनी, आप्पांनी शिवला, असा झकास की हायकोर्टातला वकील मागं वळून बघेल. पण आप्पांना बूट थोडेच शिवता येतात? आमच्या घरात कधी कुणी बूट घातलेलाच नाही. सगळ्या नात्यात बूट एकट्या परसूकडे. परसू म्हणजे माझा मावसभाऊ, इंटर नापास, कारखान्यात साहेबांच्या मागं मागं फिरतो. म्हणाला, "ने की खंडू, पण संध्याकाळी दे परत, पिक्चरला जायचंय मला." पाय बघितलाय का त्याचा? एवढासा! त्या बुटात माझा पाय घालताना आई टाचेकडून ढकलतेय, मी भिंत धरून उभा, आणि आप्पा वाकून माप घेतल्यासारखे म्हणतात, "इथं स्वल्प दाबतंय वाटतं." दाबतंय? अहो, बोटं एकमेकांच्या मांडीवर बसली होती!

तसाच गेलो. साहेब म्हणाला, "रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे कंपनीचा चेहरा." चेहरा म्हणतो आणि बघतो खाली! "शूज छान आहेत. चला, आता डॉक्टरांसमोर बोलून दाखवा." मग काय, चिकपेट झालं, बळेपेट झालं, हा डॉक्टर, तो डॉक्टर, मी प्रत्येक ठिकाणी हसतोय, टॉनिकची तारीफ करतोय, आणि आतून असा कळवळतोय की आमचंच टॉनिक मला पाजा म्हणावंसं वाटत होतं. साहेब खूष! "गुड, व्हेरी गुड." नोकरी जवळजवळ खिशात! राहिले शेवटचे डॉक्टर भीमाचार्य. आमच्याच पेटेतले.

आता भीमाचार्यांचा दवाखाना म्हणजे त्यांच्या घराचा पुढचा सोपा. समोर देवघर, दारात रांगोळी, आणि देवघरापुढं डॉक्टरांच्या आई, सोवळ्यात. त्या उंबऱ्याच्या आत कुणाची चप्पल गेलेली नाही, जज्ज आला तरी अनवाणी! मी लहानपणापासून तिथं चपला काढतोय हो. गोवर आला, चपला काढल्या. पाय मोडला तेव्हा एकाच पायात चप्पल होती, तीही काढली! तो उंबरा दिसला की माझा हात आपोआप खाली जातो. गेला. निघाले बूट. आणि काय सांगू... आहाहा! स्वर्ग, स्वर्ग!

मागून साहेब ओरडला, "अहो, हे काय करताय? आपल्या कंपनीचा माणूस बूट काढत नाही!" आणि मला दाखवायला म्हणून स्वतः बुटासकट पाय टाकला की उंबऱ्यात! आजीबाई अशा कडाडल्या, "अय्यो! यारप्पा अदु, बूट हाक्कोंडु!" कोण रे तो बूट घालून! साहेबाला कन्नड कळत नाही, पण कळलं. उडी मारली ती थेट रस्त्यावर.

मी आत. आणि मी काय बोललो म्हणता! पाय मोकळे झाल्यावर जीभ पण मोकळी होते काय की, टॉनिकमध्ये काय काय आहे, ते यकृतात जाऊन काय करतं, सगळं कन्नडमध्ये, धडाधड! डॉक्टर मान डोलावतात, "सरी अप्पा, सरी, बरं बाबा, बरं. लिहून देईन मी हे." आणखी काय पाहिजे? साहेब बाहेर उन्हात, मी आत औषध खपवतोय! लढाई जिंकून बाहेर आलो आणि बुटात पाय घातला...

जाईना! दिवसभर कोंडलेला पाय, सुटल्यावर असा फुगला, म्हणाल तर कणकेचा गोळा. ओढला, आपटला, जाईना. बॅगेत कंपनीची घामोळ्याची पावडर होती नमुन्याची, अख्खा डबा बुटात ओतला. साहेब किंचाळला, "ते डॉक्टरांचं सॅम्पल आहे!" गल्लीभर पांढरा धूर, आणि पाय बाहेरच! आजीबाई आतून म्हणतात, "एरंडेल लाव." डॉक्टर बाहेर आले, पायावर बोट दाबून बघितलं, म्हणाले, "सूज आहे. मीठ कमी खा." मीठ! मीठ काय करणार हो, बूट परसूचा!

शेवटी जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून परत. सूट, टाय, पायात नुसते मोजे, आणि मांडीवर बूट. जटकावाला विचारतो, "काय अण्णा, मांडवातून पळून आलात?" साहेब हॉटेलाच्या पायरीवर बोलला. तेच ते, पर्सनॅलिटी नाही! मी म्हटलं, "साहेब, त्या दारातून आत गेलं कोण? मी! टॉनिक खपवलं कुणी? मी!" तर म्हणे, "कंपनीचा माणूस रस्त्यानं मोज्यांवर चालतो? डॉक्टर काय म्हणतील?" अहो, डॉक्टर हो म्हणाले! औषध पोटात जातं की बुटात?

आणि तेवढ्यात... तेवढ्यात हो... परसू हजर! पिक्चरची वेळ झाली होती ना त्याच्या. माझ्या हातातनं बूट घेतले, पावडर झटकली, आणि उभ्या उभ्या सर्रकन पाय आत! साहेब बघतच राहिला. "हे कोण?" मीच ओळख करून दिली! मीच! परसू खाडकन टाचा जुळवून म्हणाला, "गुड इव्हिनिंग सर." झालं. बी.एस्सी. घरी, इंटर नापास कंपनीत!

आता दर रविवारी येतो माझ्याकडं. "खंडू, हे यकृत नेमकं कुठं असतं रे?" मी दाखवतो. काय करणार, भाऊ आहे. हेमलतेच्या वडिलांनी परवा त्याला रस्त्यात थांबवून कॉफी पाजली. मला कधी पाण्याला विचारलं नाही! मी जळून विचारलं, "भीमाचार्यांकडं कसा जातोस रे? बुटासकट?" तर म्हणतो, "छे! त्या दारात बूट घालून कोण जाईल? काढतो की. बाहेर येतो, घालतो, चालायला लागतो." ऐकलंत? काढतो! घालतो! चालायला लागतो!

जाऊ दे. सोमवारी दुसऱ्या औषध कंपनीची मुलाखत आहे. परसूनं नवे बूट घेतले, जुने मला दिलेत, प्रेमानं. पाय आतापासूनच दुखायला लागलेत. घालीन, सोसीन, हसत राहीन. बनशंकरीला नारळ बोललोय, एवढंच मागितलंय... आई, नोकरीचं तू बघशील तसं बघ, पण शेवटचा डॉक्टर कंटोनमेंटातला दे, साहेबी वस्तीतला, बुटासकट आत घेणारा!