नमस्कार भाऊराव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक आदरणीय चंद्रप्रकाशसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, मुलुंडहून खास आलेले आपले जुने विक्रेते मधुकरशेठ, पहिल्या रांगेत असूनही खुर्चीच्या टोकावरच बसलेले दीप्तीचे आईवडील शुभाताई आणि भीमराजदादा, माझे सहकारी, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती दीप्ती शेजवळ. आपणा सर्वांना नमस्कार, आणि मानखुर्दच्या पाहुण्यांना जयभीम. भीमराजदादा, आरामात टेकून बसा. मी थोडक्यात बोलणारा माणूस नाही.

मी शिवदास परुळेकर, या कंपनीच्या मेल विभागाचा प्रमुख. लागलो तेव्हा डिस्पॅचमध्ये होतो. पाण्याच्या फिल्टरच्या खोक्यांवर पत्ते लिहायचो. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. ऑफिस सुटलं की रिकाम्या टेबलावर बसायचो आणि चुकत चुकत शिकायचो. हे मी अभिमानाने सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर दुसरं कोण सांगणार?

आता मधुकरशेठ मला मघाशी चहा घेताना विचारत होते, की मेल पाठवायला अख्खा विभाग कशाला लागतो? बटण तर एकच आहे. शेठ, बटण एकच आहे, पण त्याच्या आधी पुष्कळ भांडण आहे. फिल्टरमधली पाणी गाळणारी कँडल बदलायची वेळ झाली ही साधी आठवण पाठवायची, तर मानसी मजकूर लिहिते, सौरभ तो दिसायला कसा हवा ते बघतो, दीप्ती कोणत्या ग्राहकाला कधी पाठवायचा ते ठरवून मोहीम लावते, आणि मी तिघांच्या चुका काढतो. यातलं शेवटचं काम सगळ्यात कष्टाचं आहे. सौरभ हसतोय, हसू दे. मेलमधलं त्याचं बारीक बटण माझ्या अंगठ्याला सापडत नव्हतं म्हणून मी त्याला चार वेळा परत पाठवलं होतं, ते तो विसरलेला नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. बाहेरच्यांना ती जरा वेडेपणाची वाटते. मेल ग्राहकांना जाण्याआधी तो आम्ही एका माणसाला पाठवतो. त्याचं नाव भाऊराव. हा माणूस अस्तित्वात नाही. तो आम्ही तयार केला आहे. घाटकोपरला राहतो, नोकरीतून निवृत्त झालाय. मानसीने त्याला गुडघेदुखी दिली, म्हणजे तो उगाच उठून दुसऱ्या खोलीतून चष्मा आणणार नाही, अक्षर मोठं हवं. सौरभने त्याला काचेला तडा गेलेला फोन दिला. मी त्याला संशयी केलं. मेल नको असेल तर बंद करायची सोय त्याला पहिल्या नजरेत दिसली पाहिजे, लपवाछपवी चालणार नाही.

दीप्ती नवीन होती, सहा महिन्यांच्या चाचणीवर. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "सर, भाऊरावांचं लग्न झालंय का?"

मी म्हटलं, "त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध आहे ना. मेल भाऊराव वाचतात, पण कँडल बदलायची की नाही हे घरात ते ठरवत नाहीत. त्यांना बायको द्या. सोनूबाई. त्या म्हणणार, ह्यांना काय, कोणीही येऊन गुंडाळतं."

अशा रीतीने भाऊरावांचं लग्न आमच्या ऑफिसात लागलं. त्या दिवसापासून आमचा प्रत्येक मजकूर सोनूबाईंच्या नजरेतूनही जायला लागला, आणि खरं सांगतो, सुधारला.

चाचणीचा मेल पाठवताना वर "नमस्कार भाऊराव" असं आम्ही हाताने टाइप करायचो. समोर माणूस बसल्यासारखं वाटावं म्हणून. खरी मोहीम लावताना ते नाव काढायचं आणि तिथे प्रत्येक ग्राहकाचं नाव आपोआप येईल अशी खूण घालायची. समजलं ना? आता पुढे काय झालं असेल ते सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीतच आहे. उरलेल्यांसाठी सांगतो, दीप्तीची परवानगी घेऊन.

उन्हाळ्याच्या तोंडावरची मोहीम होती. वर्षातली सगळ्यात मोठी. दीप्तीने बटण दाबलं आणि आम्ही वडापाव मागवले. तेवढ्यात माझ्याच फोनवर कंपनीचा मेल आला, कारण घरी फिल्टर आहे आणि मी ग्राहकही आहे. उघडला. वर लिहिलं होतं, "नमस्कार भाऊराव."

मी रागावलो की घाबरलो की मला गावची भाषा आठवते. मी म्हटलं, "अगो, ह्या काय केलंस?"

मानसीने तिचा फोन बघितला. ती भाऊराव. सौरभ भाऊराव. बोरिवलीपासून मानखुर्दपर्यंत ज्याच्या ज्याच्या घरी आपला फिल्टर आहे तो प्रत्येक जण त्या दुपारी भाऊराव झाला होता. सौरभ एवढंच म्हणाला, "वाट लागली यार." त्याच्या हातातला वडापाव तसाच राहिला.

हसताय तुम्ही. तेव्हा कोणी हसत नव्हतं. फोन सुरू झाले. लोकांना वाटलं, आपला नंबर, आपला पत्ता या कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला. पाण्यासारख्या गोष्टीत माणूस तुमच्यावर विश्वास टाकतो, आणि तुम्हाला त्याचं नावही माहीत नाही? मधुकरशेठ, तुमचाही फोन आला होता. काय बोललात ते मी इथे सांगत नाही, समोर बायकामाणसं आहेत.

साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. साहेब, सांगू ना पुढचं? मान हलवताहेत, म्हणजे सांगतो. साहेब म्हणाले, "परुळेकर, एक एजन्सी कधीपासून मागे लागली आहे, तुमचं मेलचं काम आम्हाला द्या म्हणून. उद्या त्यांना बोलावतो. आणि या मुलीला कायम करायचं पत्र सहीला आलंय, ते आता राहू दे."

दीप्तीच्या घरात त्या पत्राची काय वाट बघितली जात होती हे मला माहीत होतं. भीमराजदादांचं कंत्राट नुकतंच सुटलं होतं. तिने ते साहेबांना सांगितलं नाही. ती म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. गेलेला मेल परत आणता येणार नाही. पण दुसरा जायचा आहे. तो मला लिहू द्या."

माफीचा मजकूर मी तयार ठेवलाच होता. "काही तांत्रिक कारणास्तव आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." शुद्ध, नेटका, एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. दीप्तीने वाचला आणि मला विचारलं, "सर, हे वाचून सोनूबाईंना काय कळेल?"

मी माझा मजकूर मागे घेतला. असं फार वेळा होत नाही.

तिने तिथेच बसून लिहिला. मला तो पाठ आहे. "नमस्कार. आज आम्ही तुम्हाला भाऊराव म्हणून हाक मारली. भाऊराव हे आमचे खरे ग्राहक नाहीत. आपला मेल कुणीतरी घरात बसून वाचणार आहे याचं भान राहावं म्हणून आम्ही हे नाव ठेवलं आहे. आधी सगळं त्यांना दाखवतो, मग तुम्हाला. आज तपासणीचीच प्रत तुम्हाला गेली. तुमची माहिती आम्ही कुणालाही दिलेली नाही. चूक माझ्या हातून झाली. काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या, मी वाचते आहे." आणि खाली नाव. दीप्ती शेजवळ.

साहेब म्हणाले, "कंपनीच्या मेलखाली तुझं नाव कशाला?"

ती म्हणाली, "नाव नसेल तर लोक उत्तर कुणाला देतील?"

साहेबांनी मजकूर पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "पाठव. पण आणखी शिव्या आल्या तर एजन्सी नक्की."

आम्ही जागेवर आलो. मेल लावून झाला, आता बटण दाबायचं, तर दीप्तीचा हात पुढे जाईना. ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "सर, तुम्ही दाबा." मी माझ्या विभागात कुणाला उठू देत नाही. तिला म्हटलं, "बस. मानसी मेलवर येणारी थोडी नावं मोठ्याने वाचेल. ती बरोबर आहेत असं तुझ्या कानाला पटलं की तूच दाबायचं." या मेलवरही वर प्रत्येकाचं नाव येणार होतं. मानसीने वाचायला सुरुवात केली. नमस्कार सहदेव. नमस्कार प्रेमा. नमस्कार सर्वेश. नमस्कार चैतन्य. एकेक नाव ऐकताना खोलीत माणसं येऊन बसताहेत असं वाटत होतं. आणि दीप्तीने बटण दाबलं.

मग उत्तरं यायला लागली. वाकोल्याच्या एक बाई लिहितात, "आमच्याकडे भाऊराव कोणी नाही, पण कँडल बदलायची राहिलीच होती, पाठवून द्या." बोरिवलीचे एक गृहस्थ लिहितात, "पहिला मेल मी शेजारच्या भाऊरावला नेऊन दिला. तो म्हणाला, मला पण आलाय." आणि एक खरेच भाऊराव निघाले. त्यांनी लिहिलं, "तुमच्याकडे माझं नाव इतकी वर्षं बाबूराव पडलं होतं. आज पहिल्यांदा बरोबर लिहिलंत. आभार." रागावलेलेही होते. त्यांना दीप्तीने एकेकाला उत्तर दिलं. आम्ही तिघे मदतीला बसलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी साहेब केबिनबाहेर आले. हातात फोन. चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाले, "घरून फोन होता. आमच्याकडे पण दोन्ही मेल आलेत. ही विचारते, ती मुलगी कोण? सरळ लिहिलंय तिने. तिला ठेवलंयत ना?"

वहिनी, आपण मान खाली घालू नका. फिल्टर घेणाऱ्या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो हे दीप्तीने आम्हाला आधीच सांगितलं होतं. फिल्टर बनवणाऱ्या घरातही तसंच असतं, हे त्या दिवशी कळलं.

साहेबांनी सही केली. एजन्सी आली नाही. आणि मोठ्याने नावं वाचल्याशिवाय आमच्याकडे आजही बटण दाबलं जात नाही. नवीन आलेल्यांना वाटतं, हे लोक पूजा घालतात की काय.

आज दीप्ती बोरिवलीच्या एका कंपनीत जाते आहे. तिथे मेल विभाग नाहीच, तो तिने उभा करायचा आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही. भीमराजदादा, आता तरी टेकून बसा. पण परवा ती माझ्या टेबलाशी येऊन उगाच स्टेपलरशी खेळत उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "सर, तिथे मला तपासणारं कोणी नसेल."

मी तेव्हा तिला जागेवर पाठवलं. मला तयारीशिवाय बोलायला आवडत नाही. आता सांगतो. दीप्ती, तुझ्या नव्या कंपनीच्या वेबसाइटवर बातम्या मिळवण्यासाठी नाव नोंदवायची सोय आहे. तिथे मी रीतसर नोंद केली आहे. नाव भाऊराव, गाव घाटकोपर. भाऊरावांच्या पत्त्यावर आलेला मेल आमच्या विभागात सगळ्यांना दिसतो. तू जे सगळ्या जगाला पाठवशील ते आम्हालाही येईल. अक्षर बारीक असलं तर मानसी कळवेल, बटण चुकलं तर सौरभ कळवेल. माझ्याकडून काही आलं नाही, तर समज, उत्तम आहे. आणि मेल उघडल्यावर वर "नमस्कार भाऊराव" असंच असेल. या वेळी ते बरोबर असेल.

अध्यक्षमहाराज, मला बोलायला दिलेला वेळ मी केव्हाच संपवला, तरी आपण घड्याळाकडे बघितलं नाहीत, याबद्दल आभारी आहे. वहिनींचे, मधुकरशेठांचे, शेजवळ कुटुंबाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. हे भाषण मी कुणाकडूनही तपासून घेतलेलं नाही, कारण तपासणारी समोर बसली आहे. तेव्हा कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला चुकीच्या नावाने हाक मारली असेल, तर मोठ्या मनाने माफ करा आणि जेवताना मला गाठून सांगा. चूक माझी आहे. मी ऐकतो आहे.