फाग मांगला, दरोडा लिवला

माह्यं नाव धुमली. शाळेचं तोंड मी पाह्यलं नाई, म्हनून माह्यं नाव कागदावर कोनी लिवायचा सवालच नोता. जिंदगीत पहिल्यांदा मी कोनाले म्हटलं का माह्यं नाव लिवा, थे ठान्यात म्हटलं, आन् त्या ठानेदारानं लिवलं नाई. हे आधी लिवून घ्या सर, मंग बाकीचं सांगतो.

आमी गोरमाटी, तुमी लोकं बंजारा म्हनता. आजा माहा बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरे. गावोगावचे लोक वाट पाहत बसत का बंजारा कधी येते, आमी नाई आलो त तुमच्या वरनात मीठ नोतं, तवा आमी साव होतो. मंग आगगाडी आली, मोटारी आल्या, बैलं बसले, आजा बसला, आन् बसल्या जागी आमी चोर झालो. गावात कोनाची बकरी हरपली का पोलिस आधी तांड्यावर, झोपड्या उचकटून पाहे, गाडगे फोडे, बकरी त्या गावातच कोनाच्या पोटात गेली राहे. हे मी लहान होती तवापासून पाह्यलं. माहेर माहं दिग्रसकडचं. लगीन झालं त्या साली म्हने आपन मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, आता तांडा जागच्या जागी, टेकडी जागच्या जागी, पोलिसबी तेच, मंग कोन कुठं गेलं थे मले आजवर समजलं नाई.

सासर महागावच्या बाजूचा हा तांडा. नवरा रामजी, बोलाले कमी, कामाले वाघ. आन् त्याच्या पाठचा थावरा, माहा दीर. काय सांगू तुमाले सर, थावरासारखं मानूस मी दुसरं पाह्यलं नाई. अख्ख्या तांड्यात शाळा शिकलेला थो एकटा. पायी जाये, पायी ये, मास्तर त्याले शेवटच्या कोपऱ्यात बसवे, तरी फायनल पास झाला. मी लगीन होऊन आली तवा थो मले म्हने, भोजई, म्हंजे वहिनी, तुले तुह्यं नाव लिवाले शिकवतो. मी म्हटलं, माह्यं नाव मले माहीत आहे, लिवून कोनाले दाखवू. हासे थो. मंग महाराष्ट्र झालं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या साली शाळाखात्याचे साहेब तांड्यावर आले, थावराचं अक्षर पाह्यलं आन् म्हने, या तांड्याले शाळा देतो, मास्तर तूच हो, होळी झाली का येऊन भेट. होळी झाली का! त्या एका शब्दावर अख्खा तांडा नाचून राह्यला होता. नायकानं, तांड्याचा मुखिया थो, शाळेसाठी आपल्या गोठ्याची जागा देऊन टाकली, ढोरं बाहेर बांधले.

आन् त्याच होळीले माह्या बन्सीची धुंड. पोराची पहिली होळी असली का आमच्यात धुंड करतात, सगळा तांडा दारात येते, पोराच्या डोक्यावर काठ्या धरून गानं म्हनतात, पुऱ्या वाटतात. काका त्याचा महागावच्या बाजारात गेलता, त्यानं पोरासाठी पत्र्याची बंदूक आनली. एवढीशी, हातात मावे, तिच्यात लाल टिकल्या घालाच्या आन् घोडा दाबला का फट्ट. पोरगं रांगतबी नोतं आन् काकानं त्याच्यासाठी बंदूक आनली! मी म्हटलं, थावरा, याले धरता येत नाई बाप्पा. थो म्हने, तवर तू धर, भोजई. म्हनून मी धरली. कंबरेले खोसली.

आता फाग म्हंजे काय थे नीट समजून घ्या, सगळं त्याच्यावर आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमी बाया नटूनथटून, आरशाचे घागरे, कोपरापर्यंत बांगड्या, रस्त्यावर येतो. मागं मानसं डफडं वाजवतात, लेंगी म्हनतात, होळीचे गाने थे. जो येईल त्याचा रस्ता अडवाचा आन् फाग मांगाचा. गूळ दे, खोबरं दे, सुपारी दे, आनाभर दे, काईबी दे, पन देल्याशिवाय जायाचं नाई. बाई पदर पकडते, धमकावते, शिव्याबी देते, आन् समोरचा हासते. माह्या आजेसासूपासून हे चालू. पाटलाची बैलाची दमनी अडवली, वकिलाची अडवली, एसटी आली का डायवर आपल्या मनानं गाडी हळू करे. आन् भेटलं थे कोनाच्या घरी जात नाई बरं, सगळा फाग नायकाच्या दारात जाते, संध्याकाळी अख्ख्या तांड्याचा होते.

त्या दिवशीबी एसटी आली. मी कंबरेची बंदूक काढली आन् डायवरवर रोखली, म्हटलं, फाग दे नाई त उडवतो. त्यानं दोन्ही हात वर केले, आतले लोक हासून हासून बेजार, त्यानं सुपारी देली, वर म्हने, बाई, तुह्या टोळीत मलेबी घे. मानसं त्या बंदुकीले पाहून हासत होते सर. कोनी भ्यालं नाई.

मंग जीप आली. नवी कोरी. सरकी काढाच्या जिनाचा मालक एक शेठ होता, नाव नाई सांगत, त्याचा पोरगा चालवून राह्यला होता. मिसा फुटल्या नोत्या धड, डोळ्यावर काळ्या काचेचा चष्मा, बाहेर कुठंतरी शिकून नवाच आलता. त्याले काय माहीत फाग आन् काय माहीत लेंगी. आमी घेरलं, मी बंदूक त्याच्या नाकापुढं धरली, म्हटलं, काढ फाग, आन् घोडा दाबला, फट्ट. पोरगं पांढरंफट पडलं. हातातलं घड्याळ सोडलं आन् माह्या ओढनीत टाकलं. सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ! अवं माय, आमाले वाटलं का काय दिलदार मानूस आहे! इतका मोठा फाग तांड्याच्या हयातीत कोनी देला नोता. आमी त्याच्या गालाले गुलाल लावला, त्याच्या नावानं लेंगी म्हटली, तुह्या घरी सात लेकरं खेळो म्हटलं. आन् थो स्टेरिंग धरून थरथरत होता, थे आमाले नाचता नाचता दिसलंबी नाई. सुटला त धूळ उडवत सुटला.

घड्याळ नायकाच्या दारात गेलं. चौकटीले खिळा होता, त्याच्यावर टांगलं, नारळाच्या शेजारी. पोरं रांगेनं येऊन कान लावत, टिकटिक ऐकत. मले सांगा सर, कोनता दरोडेखोर लुटलेला माल दारावर टांगते, येनाऱ्या-जानाऱ्याले दिसंल असा?

धुंडीच्या पुऱ्या तळून राह्यल्या होत्या तवा पोलिस आले. गाडी भरून आले. काय झालं, कोन आलं, समजाच्या आत काठ्या सुरू झाल्या. कढई लाथेनं उडवली, ऊन तेल माह्या सासूच्या पायावर. नायक घड्याळ घेऊन पुढं आला, म्हने, साहेब, हा फाग आहे, त्या पोराले नको असंल त घेऊन जा, आमचं काई म्हननं नाई. ठानेदारानं नायकाच्या पागोट्याले हात घातला. म्हातारा मानूस, त्याचं पागोटं मातीत. बंदूक कुठं आहे, बंदूक काढा. बंदूक बन्सीच्या पाळन्यात होती, पोराच्या पायाशी. जमादारानं उचलली, त्याले समजलं का पत्रा आहे. ठानेदाराले देली, त्यानं उलटी केली, सुलटी केली, टिकल्या पाह्यल्या. मी त्याचं तोंड पाहून राह्यली होती, त्यालेबी समजलं होतं. तितंच हासून गाडी मागं फिरवली असती त काय बिघडलं असतं हो त्याचं? पन जिनाच्या शेठनं निरोप धाडला होता, मंग हासावं कसं.

ठानेदारानं विचारलं, कोनाची आहे? आन् माहा थावरा, शिकलेला, त्याले वाटलं का खरं बोललं का झालं. पुढं झाला, म्हने, साहेब, हे खेळनं आहे, बाजारातून मी आनलं, पुतन्यासाठी. मी आनलं, एवढंच धरलं ठानेदारानं. मी वरडली का बंदूक माह्या हातात होती, थावरा त मागं डफडं वाजवत होता. कोन ऐकते? थावराले गाडीत टाकलं, आन् संगं तांड्यातले आनखी दोन पोरं, कारन एकट्यानं टोळी होत नाई ना.

मी बन्सीले पाठीशी बांधलं आन् निघाली. रामजी म्हने, तू बाई, ठान्यात कायले जातं. मी म्हटलं, बंदूक बाईच्या हातात होती म्हनून जातो. अख्ख्या तांड्याच्या बाया माह्या मागं निघाल्या, गुलालानं भरलेल्या, तशाच.

ठान्यात थो शेठ खुर्चीवर बसला होता, पोरगा बाजूले उभा. आतून मारल्याचा आवाज येत होता. मी ठानेदाराले म्हटलं, लिवा, माह्यं नाव धुमली, नवऱ्याचं नाव रामजी, बंदूक मी धरली, घड्याळ माह्या ओढनीत पडलं, मले आत टाका आन् त्याले सोडा. थो म्हने, बाया कधी दरोडा घालतात काय. मी म्हटलं, तेच त सांगून राह्यली, दरोडा नाईच झाला. मंग मी त्या पोराजवळ गेली. म्हटलं, तू सांग रे बापू, तुह्यासमोर कोन होतं, मीच होती ना, माह्या हातचा गुलाल आहे अजून तुह्या कानामागं. सर, त्यानं खाली बुटाकडं पाह्यलं. बापाकडं पाह्यलं. आन् म्हने, मानूस होता.

समजलं तुमाले? बायकांनी, खेळन्याच्या बंदुकीनं, आपलं घड्याळ नेलं, हे त्याले बापापुढं सांगता येईना. भ्याला, त्याचं मले काई नाई, नवा होता, कोनीबी भ्यालं असतं. पन आपली लाज झाकाले त्यानं माह्या दिराची जिंदगी पांघरली, आन् ठानेदारानं थे पांघरून नीट करून देलं.

माह्या अंगाची आग आग झाली. बंदूक टेबलावर होती. मी उचलली, ठानेदारावर धरली, घोडा दाबला. एक टिकली राह्यली होती आत. फट्ट! ठानेदार खुर्चीसगट मागं, जमादार दाराआड, शेठ कुठं गेला कोन जाने. मी म्हटलं, तुले मालूम आहे पत्रा आहे, हातात घेऊन पाह्यलं तू, तरी पडला! आता लिव ना, बाईनं पाडलं म्हनून लिव! बाहेर बाया हासल्या. त्यानं उठून माहा हात असा पिरगळला का बांगड्या फुटल्या, पाठीवर पोरगं रडून राह्यलं. पन लिवलं नाई. आपन पडलो हे थो कसा लिवंल.

कोर्टानं पुढं थावराले आन् त्या दोघांले सोडलं, पत्र्याच्या बंदुकीचा दरोडा कोर्टात उभा राह्यला नाई. पन मारानं त्याच्या उजव्या हाताचे बोटं वाकडे झाले थे झाले. शाळाखात्याचे साहेब म्हने, कोर्टानं सोडलं हे खरं, पन ठान्यात नाव आहे, असा मानूस मास्तर कसा नेमाचा. शाळा दुसऱ्या गावाले गेली. नायकानं ढोरं परत गोठ्यात बांधले. आन् थावराले दर बाजाराच्या दिवशी ठान्यात हजेरी, बाहेर उकिडवं बसाचं, नाव पुकारलं का हाजिर म्हनाचं. चोरासारखं. फायनल पास मानूस!

त्यानं कोनाले शिवी देली नाई, मलेबी कधी बोल लावला नाई, तिथंच माहा जीव जळते. बकऱ्या चारल्या जिंदगीभर. आन् संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली तांड्याचे पोरं जमवून डाव्या हातानं अक्षरं शिकवे, धुळीत काढून. होळीले मात्र घराबाहेर निघत नोता, डफड्याचा आवाज आला का कवाड लावे. गेल्या साली गेला. तुमची शाळा आता आहे ना सर, थे त्या होळीनंतर लय वर्षांनी आली, तिच्यात त्याचं नाव कुठं नाई.

आता बन्सीचा पोरगा पोलिसात लागला. तांड्यात पेढे वाटले, आन् मी भिंतीकडं तोंड करून बसली. खाकी घालून पाया पडाले आला, मी पाय मागं घेतले. थो म्हने, आजी, मले थावराआजानं बाराखडी शिकवली, त्याच्यावर मी भरती झालो, तू आशीर्वाद नाई देशीन त कोन देईन. मंग मी पाय पुढं केले. काय करता, रक्त आहे आपलं.

म्हटलं, जाय, सुखी राय, मोठा हो. पन कोन्या ठान्यात बदली झाली, तिथं कोनी बाई येऊन म्हनली का साहेब, माह्यं नाव लिवा, मी केलं, त आधी तिचं नाव लिव. बाकीचं मंग पाह्यजो. आन् तिथल्या पेटाऱ्यात कुठं पत्र्याची बंदूक सापडली त घेऊन ये. तुह्या बापाची आहे थे, धुंडीची, अजून कोनी वापस देली नाई.