मागून हाक

मंगल : "मंगलताई, तुम्ही काहीतरी विसरलात." आता मी काय विसरले गं? खाली वाकळीचा फोटू लावलाय. ही वाकळ मीच शिवलीय की!

स्नेहल : बघू, आण फोन इकडं. अगं आई गं! ही चौथी मेल तुला. सकाळी आपलं दुकान उघडलीस व्हय फोनमधी?

मंगल : रोजच उघडते.

स्नेहल : कामून?

मंगल : कामून म्हणजे? दुकान हाय न? एकेक वाकळ उघडते, नीट हाय का बघते, बंद करते. बाजारात बसत होते तवा बी सकाळी सगळ्या झटकूनच मांडत होते.

स्नेहल : फोनमधल्या वाकळीवर धूळ बसत न्हाई गं आई! तीन दिवस झाले, मी डोळे फोडून त्या पानामागं कोड टाकायलेय. कोण आलं, कुठली वाकळ बघितली अन् न घेताच गेलं, ते कळावं म्हणून. काल एक्केचाळीस नोंदी दिसल्या. नाचले मी! अन् त्यातल्या अडतीस तुझ्या!

मंगल : मग आधी सांगायचीस न, मालकिणीनं दुकानात पाय ठेवायचा न्हाई म्हणून.

स्नेहल : चुकलं माझं. थांब, तुझा फोन वगळते त्यातून. हां. आता राहिल्या तीन. अन् तिन्ही एकाच बाईच्या.

मंगल : कोण बाई?

स्नेहल : विजयश्री म्हणून हाय, लातूरची. नाव अन् ईमेल देऊन आत आलीय. हिरव्या काठाची निळी वाकळ तीनदा उघडून बघितली. तीनदा बघून गेली.

मंगल : ती निळी व्हय? त्यात तुझ्या आजीचं लुगडं हाय. हात फिरवून बघितल्याबिगर कसं कळंल तिला, किती मऊ हाय ते.

स्नेहल : तेच म्हणायलेय मी! असं बघून गेलेल्या माणसाला मेल गेली तर येतंय परत. तुला आलेल्या मेली नुसत्या तपासणीच्या होत्या. आता गिऱ्हाइकाला जाऊ देऊ का? एक बटण दाबायचं, बस.

मंगल : न्हाई म्हणलं न एकदा.

स्नेहल : पण कामून न्हाई?

मंगल : वीस वर्षं औरादच्या बाजारात बसले. कानडी गिऱ्हाईक आलं, तेलगू आलं. उठून चाललेल्याला कधी मागून हाक मारली न्हाई. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये.

स्नेहल : वा! दर पौर्णिमेला विहारात जातीस अन् अपशकुन मानायलीस?

मंगल : अपशकुन कोण म्हणायलंय? माणूस निघालं म्हणजे त्याच्या मनात जायचं असतंय. आपण हाक मारली की ते लाजतंय, उगं घेतंय, अन् घरी जाऊन बोटं मोडतंय. तसलं विकायचं न्हाई मला.

स्नेहल : मग विकायचंय तरी कसलं? सहा महिन्यांत एक बी गेली न्हाई! काय ठरलं होतं आपलं? एक तरी वाकळ गेली तर मी इथंच थांबते, न्हाई तर धम्मानंद मामानं बघितलेल्या कंपनीत हैदराबादला जाते. बॅग भरून बसलेय मी, अकराची गाडी हाय, अन् तू अजून न्हाई-न्हाईच करायलीस!

मंगल : आता बटण दाबून ती बाई अकराच्या आत येणार हाय का?

स्नेहल : येणार न्हाई, ठाऊक हाय मला. पण मला जायचं न्हाई गं आई!

मंगल : मग जायलीस कामून?

स्नेहल : तू थांब म्हणत न्हाईस म्हणून! एकदा तरी म्हणलीस का? मामाचा फोन आला तर म्हणलीस, "बघ बाई तुझं तू." मी बॅग भरायले तर शेंगाची चटणी बांधून दिलीस!

मंगल : वाटेत भूक लागती म्हणून दिले.

स्नेहल : ऱ्हाऊ दे. तुझ्यापुढं डोकं आपटून मीच येडी झाले. पासवर्ड वहीत लिहिलाय. बस रोज दुकान झटकत. निघाले मी.

(चपलांचा आवाज. अंगणातलं फाटक करकरतं.)

मंगल : स्नेहल!

स्नेहल : काय?

मंगल : काय न्हाई.

स्नेहल : आई, मागून हाक मारलीस तू.

मंगल : मारले. काय करू? निघाली तोंडातून.

स्नेहल : मग आता?

मंगल : आता काय. हाक मारली की माघारी यायचं, बसायचं, पाणी प्यायचं. मग जायचं तर जायचं. ये, बस.

स्नेहल : गाडी जाईल न.

मंगल : जाऊ दे. अन् त्या लातूरच्या बाईला बी लिही. ते विसरलात-बिसरलात नको. म्हणावं, निळी वाकळ घडी घालून बाजूला ठेवलीय. घेतलीच पाहिजे असं न्हाई. मन झालं तर अजून एकदा बघून जा.

स्नेहल : एवढंच?

मंगल : एवढंच.

स्नेहल : अन् खाली नाव? तुझंच घालू न?

मंगल : आधी पाणी पी. नाव दोघींचं घाल.