दोन शेमल्यांचे मामंजी

"हॅलो? … हॅलो? … हो, मीच मथुराबाई. … सांगोल्याहून? जोडा, जोडा. … हॅलो? कोन, राजी? अगं मोठ्यानं बोल, हितं माग चालू हायत. … कारखान्याच्या हापिसातनंच की, दुसरीकडनं कुटनं बोलनार? … ते ऱ्हाऊ दे. मामंजींचं वर्षश्राद्ध झालं का नीट? … आन् माजं वॉल हँगिंग? लावलं? काय म्हनली मंडळी?"

मथुराबाईंनी बोटावरचा रंग पदराला पुसला आणि कौतुक ऐकायला खुर्चीत सावरून बसल्या. चादरीवरचे मोर, हत्ती, कमळं त्या कित्येक वर्षं ग्राफच्या चौकटींत भरत होत्या. शिकवलं कुणी नव्हतं. बघून बघून हात बसला होता. माणसाचा चेहरा मात्र पहिल्यांदाच केला होता, तोही धाकट्या बहिणीच्या वारलेल्या सासऱ्याचा.

"दोन? दोन काय? … शेमले? फेट्याला दोन शेमले? … मग झालं काय त्यात! एक ह्या खांद्यावर, एक त्या खांद्यावर. तोल साधला की! दारात रांगोळी काढतीस, तवा एका अंगाला फुलं आन् दुसरं अंग मोकळं सोडतीस व्हय? … न्हाई ना? मग! … हां, भिकबाळी. … दोन्ही कानांत?"

मथुराबाईंचं हसू जरासं अडकलं.

"ऐक, ऐक की माजं. कमळ काढायचं म्हनलं, की आमी अर्धंच काढतो. कागदाच्या मधनं रेघ मारायची आन् अलीकडचं तेवढं भरायचं. पलीकडचं माग आपसूक इनतो, आरशात बघितल्यावानी. … तसाच केला गं चेहरा! नाक मधी, दोन अंगाला दोन गाल, मानूस काय कमळाहून येगळा हाय? … न्हाई, इनून आल्यावर न्हाई बघितला. आमच्या हापिसातल्या सोमलिंगअण्णांनी परस्पर बांधून एस्टीत टाकला, तिथीला पोचावा म्हनून. … रडतीस कशाला? शेमल्यावरनं कुनी रडतं का? … काय म्हनलीस? … परत बोल. … डोळे? … दोन्ही? … दोन्ही उघडे?"

मथुराबाई ताडकन उभ्या राहिल्या. वायर ताणून फोन टेबलावरून पडता पडता राहिला.

राजीच्या या सासऱ्यांचा, हिंदुरावांचा, डावा डोळा तरुणपणीच बैलाच्या शिंगानं गेला होता. गावाला ठाऊक होतं, मथुराबाईंनाही ठाऊक होतं. पण फोटोत ती बाजू सावलीत होती, म्हणून त्यांनी उजेडातली बाजू घेतली. चौकटीमागून चौकट भरताना उजवा डोळा झक्क उतरला, या खुशीत त्या होत्या. तोच डोळा रेघेपलीकडेही उघडणार, हे मनाला शिवलं नव्हतं.

"अगं बया बया बया! … राजी, मी मेले गं! मेलेल्या मानसाला मी डोळा लावला! … आन् भावकीम्होरं उघडलंत? सगळ्यांदेखत? … मग आत्याबाई? तुजी सासू काय म्हनली? … काय केलं? … डोईवरनं पदर ओढून घेतला? नवऱ्याम्होरं? … 'ह्यो परका मानूस कशाला आनलास घरात'… अशा म्हनल्या? … आन् कालधरनं तुज्याशी बोलल्या न्हाईत. … न्हाई गं, तुजा काय दोस? तू आपली हौसेनं सांगितलंवतंस. … तुजा नवरा काय म्हनतो? … गप? तो कवा गप नसतो! … सोमलिंगअण्णा, हसू नका हां, तुमच्या सासऱ्याला तीन डोळे काढून देईन! … तुला न्हाई गं, हितं अण्णाला म्हनले. … हो, हो, एक्सचेंज, वाढवा. तीन मिनिटं वाढवा. … हां, बोल. … निवदाचं ताट म्होरं ठेवलं, तवाबी तोंड फिरवलं? … ताट… राजी, थांब. थांब जरा."

मथुराबाईंनी टेबलावरच्या ग्राफच्या कागदावर बोटानं ताटाएवढा गोल काढला.

"अगं, ताट! मीठ-लिंबू वर, चटणी डाव्या अंगाला, भाजी उजव्या अंगाला. दोन्हीकडं चटणी वाढतो का आपन? … न्हाई ना? तरी ताट कलंडल्यावानी दिसतं का? भरल्यालं दिसतं! चिमूटभर लाल चटणी आख्ख्या भाजीला तोलून धरती. … येडी न्हाई झाले गं! जल्मभर ताटं वाढली आन् हे दिसलं न्हाई मला. मामंजींच्या मिटल्या डोळ्याला उघड्या डोळ्यानं तोलून धरलंवतं. मी दोन्ही सारखे केले आन् मानूसच घालवला. … येते मी, उद्याच येते, आत्याबाईंचे पाय धरते. … आं? … तिथंच? पोस्टात? तुज्यासंगं आल्यात? … मग मघाशी न्हाई का सांगायचं! … न्हाई न्हाई, फोन देऊ नको. मी काय बोलू त्यांच्याशी? … राजी, नको! राजी…"

समोर कुणी नसताना मथुराबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

"… आत्या? पाया पडते. … व्हय, मथुरा. … मीच काढलं ते. लई चुकलं, आत्या. राजीला बोल लावू नका, काय म्हनायचं ते मला म्हना. आन् ते कापड जाळून टाका. … न्हाई? … मग? … इचारा की. …"

ऐकता ऐकता त्या हळूच खुर्चीत टेकल्या.

"… लगीन झाल्यापास्नं? … बाजाराला जाताना, बैलगाडीत, देवळात… तुमी कायम त्यांच्या डाव्या अंगाला. … त्या बाजूनं कोन आलं, काय आलं, तुमी सांगायचं. … व्हय. … व्हय, आत्या. … आन् आता त्यांना दोन्हीकडचं दिसतंय, तर… तर तुमी कुटं बसायचं?"

सोमलिंगअण्णांनी हसणं थांबवून नजर खाली घातली.

"… आत्या, मी परत काढते. आख्खा काढते, मधी रेघ न मारता. … पर फोटोत ती बाजू नुसती काळी हाय. ती तुमीच बघितलीया. सांगता? … थांबा, पेन्सिल घेते. … हं. पापनी पुरती मिटल्याली? … खालनं जराशी उघडी. … बरं. भुवई? … वर चढल्याली, कायम नवल वाटल्यावानी. … हं. … वण कुटं? … कोपऱ्यात. केवढा? … जोंधळ्याच्या दाण्याएवढा. … एक्सचेंज, वाढवा! वाढवा म्हनते ना! … बोला आत्या, घाई न्हाई. … पानी यायचं त्या डोळ्यातनं? … तवाच? राजीला सून करून घरात घेताना? … आन् तुमी पदरानं टिपायच्या, कुनाला दिसायच्या आत. … आत्या? … रडू नका, आत्या. ते पानी कुटवर यायचं, तेवढं सांगा. … गालाच्या हाडापतोर, का मिशीपतोर? … हॅलो? … आत्या? … हॅलो, एक्सचेंज! तोडू नका हो, आत्ता नका तोडू… हॅलो?"