साहेबांचा हुकूम

तारनाक्याच्या बसमध्ये एकनाथराव खिडकीशी बसले होते. शहीद मेजर मंदारचे हे मामा. दर सुट्टीला भाच्यासाठी स्थळं आणायचे आणि त्याचा नकार घेऊन परतायचे. मागच्या सीटवरच्या दोन निवृत्त जवानांना हे ठाऊक नव्हतं.

"मेजरसाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण कसं झालं?"

"पुढाऱ्यांनी फटाक्यांची माळ लावली."

"बॉम्ब निकामी करणाऱ्यापुढं? कायकू?"

"सलामी म्हणे! शेवटचा सुतळी बॉम्ब फुटलाच नाही. पुढारी पळाले, लांबून ओरडले, 'तुम्ही फौजी ना, तुम्हीच बघा!'"

"मग?"

"साहेबांचा हुकूम आठवला. 'बायकापोरंवाले मागं व्हा. कुणीतरी मोकळं राहायला पाहिजे.' सगळे मागं सरलो."

"मग पुढं कोण उरलं?"

"पुतळा. नेहमीसारखे साहेब एकटेच."