उशिराचा ठोका

(दुपार. फोनवर, पूर्णगडचे आप्पा आणि रत्नागिरीत खोली घेऊन राहणारी उमा.)

आप्पा : ...पण काल तूच वाडीतल्या रावजीला कळवलंस ना, फणसाखाली पाणी आहे म्हणून? वाडीतली अकरा घरं देव पाण्यात घालून बसली होती. काल संध्याकाळी काढले बाहेर.

उमा : कळवलं होतं. म्हणूनच फोन केला. परवा सोमवारी बोअरची गाडी यायची, त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं. रावजींना अजून काही सांगितलेलं नाही.

आप्पा : येऊ दे की गाडी. टँकर चार दिवसांनी एकदा येतोय. विहिरीत बादली नुसती खरवडते.

उमा : आप्पा, फणसाखाली मला जे दिसलं ते पाणी नव्हतं.

आप्पा : काय गो, एका रात्रीत आटलं?

उमा : चेष्टा नको. गेल्या आठवड्यात आम्ही तुमच्या घराजवळच्या सड्यावर जमिनीतला धक्का टिपणारे चोवीस जिओफोन रोवले, विनीतने लोखंडी पाटावर घण मारला—

आप्पा : मला सांगतेस? दिवसभर तिथेच तर होतो.

उमा : घणाचा धक्का खाली जातो, खडकाच्या थरावर आपटून वर येतो. जेवढ्या खोलातून येतो तेवढा उशिरा, आणि तेवढाच दमलेला. कच्च्या नोंदीत तो दिसतसुद्धा नाही. मग कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की जो जितका उशिरा आला त्याला तितकं मोठं कर. गेन म्हणतात त्याला.

आप्पा : चांगला आहे हो तुमचा गेन. आमच्याकडे उशिरा आलेल्याला गार आमटी मिळते.

उमा : काल मी घाई केली. त्यात आपोआप करायची एक सोय आहे. ती लावली की प्रोग्राम लहानमोठं बघत नाही, सगळ्यांना एका उंचीला आणतो. चित्र सुरेख दिसतं. फणसाखाली एक ठसठशीत ओळ उमटली, मी तिला पाण्याचा थर समजले. चूक माझी आहे. आज सकाळी ती सोय काढली, आकडे हाताने घातले, आणि एकेक फाइल वेगळी उघडली.

आप्पा : मग?

उमा : ती ओळ खालून येतच नाही. तुमच्या घराकडून येते. दुपारनंतरच्या एकोणीस नोंदींत घणाच्या जोडीला दुसरा ठोका आहे. बारीक.

आप्पा : नारळ पडला असेल.

उमा : एकोणीस नारळ?

आप्पा : माड म्हातारे झालेत.

उमा : मी हात वर केला की सगळे जागच्या जागी गप्प. शमिका लॅपटॉपपाशी, विनीत घणापाशी. तुम्ही चिऱ्याच्या पायरीवर होतात. हातात काठी होती.

आप्पा : म्हाताऱ्याच्या हातात काठी असायचीच.

उमा : आप्पा.

आप्पा : आहे. जातोय कुठे.

उमा : मी रागावलेली नाही. पण खरं काय ते सांगा. अकरा घरांचं पाणी आहे.

आप्पा : सकाळी खालच्या रस्त्याने एसटी गेली, तेव्हा तू म्हणालीस, परत. विनीतने परत घण मारला. मग बाबल्याचा कुत्रा भुंकला. तू म्हणालीस, परत. जेवणं झाल्यावर ती शमिका म्हणाली की आता वीसेक राहिलेत, चारला निघू. म्हटलं, कुत्र्यासाठी परत, तर काठीसाठीही परत म्हणतील. घण खाली यायला लागला की बरोबरीने पायरीवर आपटायचो. तुमचं कोणाचंच लक्ष नाही. कोणी परत म्हटलंच नाही.

उमा : आम्हाला ऐकूच आलं नाही.

आप्पा : ते कळलं मला. तरी आपटत राहिलो. मूर्खपणा, दुसरं काय.

उमा : म्हणजे आम्ही थांबावं म्हणून?

आप्पा : त्या दिवशी माजघरात तुमची नि माझं मिळून सहा पानं मांडली होती. ही गेल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा. मुलगा, मुकुल, परदेशातून रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, ठेवतो. त्याचं चुकत नाही काही, तिकडे त्याची पहाट असते. पण गो, सड्यावर कोणीतरी हाका मारतंय, भांडतंय, पाणी मागतंय... दिवस कसा गेला कळलंच नाही. वाडीच्या पाण्यात माती कालवतोय, हे डोक्यात आलं नाही. देवाशपथ.

उमा : मला वाटलंच.

आप्पा : काय वाटलं?

उमा : काही नाही. मीसुद्धा आठवडाभर या खोलीत नोंदी घेऊन बसलेय. डबेवाली मावशी दारात डबा ठेवते, बेल वाजवते, मी उघडेपर्यंत जिना उतरलेली असते.

आप्पा : सावर्ड्याला आई आहे ना तुझी? जात जा.

उमा : जाईन. आता ऐका. हे ठोके पुसून भागणार नाही, खालून धक्का परत यायचा नेमक्या त्याच वेळेवर बसलेत. फणसाखालची जिओफोनची ओळ परत रोवून नोंद घ्यावी लागेल. शुक्रवारी येतो. गाडी पुढे ढकलायला रावजींना मीच सांगते, नोंदीत गडबड झाली म्हणून. काठीचं नाव काढत नाही.

आप्पा : नको. मी सांगतो. आत्ता जातो त्याच्याकडे.

उमा : चिडतील ते.

आप्पा : चिडू दे. चार शिव्या देईल. तेवढाच बोलेल तरी माझ्याशी.

उमा : बरं.

आप्पा : शुक्रवारी काठी घरात ठेवतो. पायरीवर हात मांडीखाली घेऊन बसतो, हलायचा नाही. किती वेळ लागेल?

उमा : तेवढीच एक ओळ आहे. अकरापर्यंत आटपेल.

आप्पा : अकरा. म्हणजे जेवायच्या आधीच.

उमा : हो.

आप्पा : बरं. असू दे. नीट झाली नोंद म्हणजे झालं.

उमा : आप्पा, सहा पानं मांडा.

आप्पा : अगो, पण अकरालाच आटपलं तर?

उमा : तर मी एकदा परत म्हणेन.